आबांचं दार, दुसऱ्याच्या नावावर

माझ्याच बापावरचा लेख मला स्टाफरूममध्ये एका बाईंनी वाचून दाखवला, आणि तो माझा बाप आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. या बाई भौतिकशास्त्राच्या. ऑफ तास होता, डबे उघडायला वेळ होता, आणि त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली होती. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्या म्हणाल्या, "ऐका हं मॅडम, इतकं सुंदर आहे ना." आणि वाचू लागल्या. "आमचे आबा बसस्टँडवर माइकवर बोलायचे. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळ्यांना पाठ होता."

मी पोळीचा तुकडा हातात घेऊन तशीच थांबले. पुढचं वाक्य त्यांनी वाचायच्या आधीच मला ऐकू आलं. त्याच्या पुढचंही. दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य येतंय आणि आपण ओठ न हलवता बरोबर चाललोय, असा प्रकार माझ्या बाबतीत तोवर कधी झाला नव्हता. आधी वाटलं, बाईंनी माझा ब्लॉग शोधून काढला आणि आता माझी गंमत करताहेत. पण त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. शेवटी त्यांनी लेखकाचं नाव वाचलं, ते कुण्या भलत्याच माणसाचं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लेखन याला म्हणतात. तुम्ही तर मराठीच्या. तुम्हीपण असं काहीतरी लिहीत जा ना."

"हो, बघते," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार? मुलांची गाइडातून उतरवलेली उत्तरं पकडण्यात माझा हात धरणारं कॉलेजात कुणी नाही. आणि इथे अख्खा बाप उचलून नेलेला, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आबा शहाद्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचे, गाड्यांच्या वेळा लावायचे आणि माइकवरून पुकारा करायचे. आधी कार्यालयीन मराठीत: "शहादा-धडगाव गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी." ती नोंद कोणी घेत नसे. मग आबा घसा खाकरून घरच्या अहिराणीत सांगायचे: "धडगाववाला, पयू नका रे. गाडी उभी शे." हे ऐकलं की डोक्यावर बोचकं घेऊन पळणारी माणसं चालायला लागायची. आणि गाडी सुटून गेलेल्या माणसाला 'गाडी गेली' असं त्यांनी जन्मात कधी सांगितलं नाही. "दुसरी ई ऱ्हायनी, बसा," एवढंच. दुसरी चार तासांनी का येईना. साहेबांनी एकदा यावरून त्यांना टोकलं होतं, तर म्हणाले, "साहेब, मी खोटं नाही बोललो. येते ना दुसरी."

ते गेले साथीच्या दुसऱ्या लाटेत. नंदुरबारच्या दवाखान्यात होते, तिथून परस्पर नेलं. आम्हाला लांबून दाखवलं.

आमच्याकडे माणूस गेलं की दारावर बसायला येतात. घरापुढे सतरंजी टाकतात, आणि नातेवाईक, गाववाले, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे येऊन बसून जातात. फार बोलणं नसतं. आला, बसला, उठला. पण कोण आलं आणि कोण नाही हे घरच्या बाईला जन्मभर लक्षात राहतं, कारण उद्या आपल्यालाही त्यांच्या दारावर जायचं असतं. आबांच्या वेळी गल्लीच बंद होती. सतरंजी कपाटातून निघालीच नाही. फोन पुष्कळ आले. आईनं पहिले काही घेतले, मग म्हणाली, "फोन म्हंजे काय दार शे का?" आणि माझ्या हातात फोन देऊन टाकला. सगळं उघडलं तेव्हा वर्षश्राद्ध उलटून गेलं होतं. वर्ष सरल्यावर दारावर कुणी जात नाही, तसं करणं बरं दिसत नाही. मग लोक रस्त्यात भेटले की मान खाली घालून पुढे जायचे. आईला ते लागायचं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "सारा तालुकाले गाडीमा बसाडं त्या मानूसनी. आन तेस्ना दारवर कोनी बठं नही." त्यानंतर हा विषय तिनं काढला नाही, पण घरात तो असायचाच.

त्याच वाक्यावरून मी लेख लिहिला होता. माझ्या ब्लॉगवर टाकला. हा ब्लॉग माझी एक मावसबहीण वाचते, दोन जुने विद्यार्थी वाचतात, आणि एक गृहस्थ नियमितपणे खाली येऊन गुडघेदुखीवरच्या तेलाची जाहिरात टाकून जातात. लेखाचा शेवट मी असा केला होता की आमच्या घरची सतरंजी तशीच घडी घातलेली राहिली. मावसबहिणीनं 'छान' लिहिलं. तेलवाल्यांनी तेल लिहिलं. संपलं.

कॉलेज सुटल्यावर स्कूटी काढायच्या आधी झाडाखाली उभी राहून मी ती वेबसाइट उघडली. मनाला भिडणाऱ्या कथा, डोळ्यांत पाणी आणणारे अनुभव, असलं काहीतरी वर लिहिलेलं, आणि मध्ये मध्ये केस गळतीच्या जाहिराती. लेख स्वल्पविरामासकट माझा. बदल एकच होता. 'शहादा' काढून 'आमचं शहर' घातलं होतं. अहिराणी वाक्यांना हातही लावला नव्हता, बहुधा कळलीच नसावीत. खाली लेखक म्हणून त्या भल्या माणसाचं नाव, आणि कडेला त्याचा गॉगल घातलेला फोटो. गॉगल घालून तो माझ्या बापाला आबा म्हणत होता. माझं डोकं असं तापलं की मी तिथल्या तिथे त्याला शिव्या दिल्या. बाजूनं जाणाऱ्या दोन मुली दचकून लांबून गेल्या.

मग मी खाली गेले. खाली प्रतिक्रिया होत्या. मी अंगठा सरकवत राहिले आणि त्या संपेनात.

"दादा, तुमच्या आबांच्या दारावर मी आलो असं समजा."

"आम्ही सुरतला असतो, मूळचे नवापूरकडचे. आमच्या पप्पांच्या वेळीही चर्चमधलं कुणी येऊ शकलं नाही. तुमच्या आबांसाठी आज घरात प्रार्थना केली."

"सतरंजी टाका दादा. बसलोय."

"माझी आई गेली तेव्हा मी परदेशात होतो. मी कुणाच्याच दारावर बसलो नाही. आज तुमच्याकडे बसतो."

मी स्कूटीच्या सीटवर टेकले. मला नवल वाटत होतं, आणि त्या नवलाचं काय करावं हे कळत नव्हतं. इतकी माणसं! कुठकुठली, न पाहिलेली, माझ्या बापासाठी कामधंदा सोडून दोन ओळी लिहून गेलेली. माझ्या पानावर एक 'छान' होतं, आणि चोरानं नेलेल्या पानावर ही गर्दी. राग गेला नव्हता. पण रागाच्या वर दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर सुक्या मिरच्यांची देठं खुडत बसली होती. नंदुरबारची मिरची, नाकातोंडात जाते, म्हणून तोंडाला पदर. मी चप्पल काढायच्या आधी सुरू केलं. चोर, हरामखोर, त्याला सोडणार नाही, पोलिसात जाते, सगळं. ती शांतपणे देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "काय चोरं त्यानी?"

"आबांवर मी लिहिलेलं."

"मंग आपलाकडचं गये का ते?"

"नाही. आपल्याकडे आहेच. पण त्यानं स्वतःचे वडील म्हणून छापलंय. लोक त्याचं सांत्वन करताहेत, त्याचं! दारावर आलो म्हणताहेत."

आईचा हात थांबला. "कोन उनं दारवर?"

मी म्हटलं, अगं तसं नाही, खाली लिहितात लोक. ती म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. नवापूरच्या मुलीचं वाचलं, तर आईनं विचारलं, सुरतमध्ये कुठे असते, एकटीच का, लेकरंबाळं किती. मला काय माहीत? परदेशातल्या माणसाचं वाचलं, तर म्हणाली, "बिचारा. मायनी शेवटलं तोंडबी नही देखं." प्रत्येकाला ती दोन क्षण देत होती, जणू ते खरंच येऊन बसलेत आणि उठायच्या आधी त्यांच्याकडे नीट पाहायला हवं. मग मी थांबले की तोंडावरचा पदर जरा सरकवून विचारायची, "आखो कोन उनं?" आणखी कोण आलं?

एका ठिकाणी नुसते जोडलेले हात होते. मी ते वगळून पुढे गेले. तिनं फोनवर वाकून पाहिलं होतं.

"हाई काय शे? हाई नही वाचं."

"काही लिहिलं नाही त्यानं. नुसते हात जोडलेत."

"मंग?" आई म्हणाली. "दारवर येईसनी कोन भाषन देस? उना, हात जोडात, बठना. इतलंच ऱ्हास."

बारा-पंधरा वर्षं मुलांना मी आस्वाद शिकवते, पण त्या जोडलेल्या हातांच्या चिन्हाकडे माणूस म्हणून पाहायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला ती फुकटची खूण वाटायची. त्यानंतर मी एकही वगळलं नाही. "हात जोडले," म्हणायचे, आणि आई मान हलवायची. मिरच्या तशाच पडून राहिल्या. शेजारची काकू डोकावून गेली, तिला आईनं हातानं थांब म्हणून खूण केली. दारावर कोणी बसलेलं असताना करतात तशीच. काकू बिचारी गोंधळली आणि परत गेली.

पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. डोकं तापलं की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. वेबसाइटच्या तळाशी जाहिरातीसाठी म्हणून एक नंबर दिला होता, तो मी लावला. आई समोरच बसली होती. फोन मी स्पीकरवर टाकला, कारण मला साक्षीदार हवा होता.

पलीकडे एक तरुण आवाज. आधी त्याला वाटलं मला जाहिरात द्यायची आहे, म्हणून फार अदबीनं बोलत होता. मी कोण ते सांगितल्यावर आवाज खाली आला.

"मॅडम, ते नेटवर पडलेलं होतं."

"पडलेलं होतं? माझा बाप पडलेला होता?"

"तसं नाही मॅडम. फॉरवर्ड आलं होतं, खाली नाव नव्हतं. आवडलं म्हणून घेतलं."

"आवडलं म्हणून बाप घेतात का? तुझा कुठे गेला?"

"आहेत मॅडम, घरी आहेत," तो घाबरून म्हणाला. मला त्याही स्थितीत हसू येणार होतं, ते मी दाबलं. मी त्याला कायदा सांगितला, जेवढा ठाऊक होता तेवढा आणि नव्हता तोसुद्धा. तो म्हणाला, "सॉरी मॅडम. चूक झाली. आत्ता डिलीट मारतो. तुम्ही लाइनवर थांबा, पाच मिनिटांत सगळं काढून टाकतो, लेख, कॉमेंट, सगळं. काही राहणार नाही."

मला हेच हवं होतं. मी विजयानं आईकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

"काढू नको!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की फोन माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. "काढू नको रे भाऊ. लोके बठेल शेतस."

मग तो म्हणाला, "मॅडम, काय म्हणाल्या त्या?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. लोक बसलेत, असं म्हणाली. एवढंच तर होतं. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ आडवा धरला, आबा माइक धरायचे तसा नव्हे, तिच्या स्वतःच्या पद्धतीनं, भाकरीचा तुकडा धरावा तसा.

"देख भाऊ. तू आमना आबास्ले बाप म्हना. म्हना ते म्हना. तुन्हावर मन्हा राग नही. पन दारवर बठेल मानूसले कोनी उठाडस का? तुन्हाकडे नही उठाडतस ना?"

"नाही," तो म्हणाला. बोली त्याला किती कळली कोण जाणे, पण एवढं कळलं.

"मंग ऱ्हाऊ दे. तेस्नं नाव तेवढं टाक. लोकेस्ले माहीत पडाले पाहिजे, कोना दारवर बठी ऱ्हायनात ते."

त्यानं नाव विचारलं. आईनं आबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती दुसऱ्यांवर ढकलायची. फोन तिनं माझ्यापुढे धरला. मी आबांचं पूर्ण नाव सांगितलं, शहादा सांगितलं, स्टँड सांगितला. तो म्हणाला, "आणि मॅडम, लेखक म्हणून तुमचं?" मी म्हटलं, "आधी हे टाक." माझ्या नावासाठी तर हा सगळा खटाटोप चालला होता. पण त्या क्षणी ते मला फार लहान वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी थोडी घाईत होते. आई पुन्हा खाली बसली होती, आणि तिला पाणी द्यायला हवं होतं.

पोरानं शब्द पाळला. तासाभरात गॉगल गेला. लेखाच्या वर आबांचं नाव आलं, त्याखाली शहादा बसस्थानक. माझंही नाव आलं, बारीक अक्षरात, आडनावात एक अक्षर चुकवून. मी ते आईला दाखवलंही नाही.

दुपारी जेवणं झाली. आई ओट्यावर सावलीत बसली होती, आणि मी उगाच ते पान पुन्हा उघडलं. खाली नवीन प्रतिक्रिया होती. मी आईला हाक मारली आणि वाचू लागले.

"शहादा स्टँडवरचे आबा? मी काठी गावचा. लोणखेड्याला शिकायला होतो. पहिल्यांदा घर सोडलं होतं, मराठी नीट येत नव्हती. होळीला गावाला जायचं, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी मला केबिनमध्ये घेतलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि ते उभ्यानं माइकवर बोलत राहिले. दुसऱ्या गाडीत कंडक्टरला सांगून जागा करून दिली. मला माहीतच नव्हतं आबा गेले. काय झालं होतं त्यांना?"

इतक्या लोकांत आबांना प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिला माणूस. मी मान वर केली, तर आईनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि भिंतीला टेकून नीट मांडी घालून बसली होती.

दारावर आलेला माणूस एकच प्रश्न विचारतो, काय झालं होतं. आणि घरच्या बाईनं सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं, येईल त्याला, दर वेळी नव्यानं. आईला तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. फोनवर लोक म्हणायचे, ऐकलं, फार वाईट झालं. मीही विचारला नव्हता, कारण मला वाटायचं, मला माहीत आहे. रिपोर्ट मी पाहिले होते, दवाखान्यात मी पळत होते.

"काही नही व्हतं रे भाऊ," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. समोर अंगणाकडे बघत होती. "गुरुवार व्हता. सकायले उठनात, मी चहा दिन्हा. तर म्हने, आज चहा ग्वाड नही लागी ऱ्हायना. मी म्हनं, साखर टाकेल शे, नेहमीसारखी. तर म्हने, तू पी पाहू. मी तेस्नाच कपमाईन पिनू. मले ग्वाड लागना. मी म्हनं, ग्वाड तर शे. तेस्नी मन्हा तोंडकडे देखं, कप परत घिदा, सारा चहा पी टाका. आन म्हने, हाव, आते लागना ग्वाड."

आणि ती रडू लागली. घरात माणूस आल्यावर बाया रडतात तशी, मोठ्यानं, गळा काढून. शेजारची काकू दारात आली आणि तिथेच थबकली.

मी फोन बाजूला ठेवला, खाली उतरले आणि आईच्या समोर जमिनीवर जाऊन बसले. पुष्कळ वेळानं तिचा हुंदका जरा थांबला.

"मंग?" मी विचारलं.